नाश्त्याबरोबर एक गोळी

सोमवार, ४ मार्च

रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी नऊच्या वर. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिनं कागद पाहिला, भुवया वर केल्या आणि म्हणाली, “काका, एक औषध तुम्हाला पुरत नाहीये.”

पुरत नाही हे तिला कसं कळणार? आधी पोटात तर जायला हवं. कामाच्या दिवशी मी ती गोळी घेतच नाही. शेजारी शिकाऊ माणूस स्टिअरिंगला मिठी मारून बसलाय, गाडी भर चौकात बंद पडलीय, मागून हॉर्न वाजतायत आणि आपल्या पोटात कळ आलीय, ही वेळ ज्याच्यावर आली त्यानंच मला नावं ठेवावीत. सकाळी बेसिनचा नळ सोडायचा, गोळी त्यात टाकायची. स्ट्रिप रिकामी होत राहते आणि घरात शांतता राहते.

पण आज बाई दुसरंही बोलली. एप्रिलअखेर माझा गाडी शिकवण्याचा परवाना संपतो. नवा करायला डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. “साखर अशीच राहिली तर मी सही करणार नाही हं,” असं तिनं हसत हसत सांगितलं. लोकांना गाडी शिकवण्यापलीकडे मला काही येत नाही. घरी बसलो तर आठ दिवसांत बायको मला घरातल्या तिच्या पाळणाघरात भरती करून घेईल.

आता गोळी बदलली आहे. दोन औषधं एकाच गोळीत, अर्धी बाजू पांढरी, अर्धी गुलाबी. एक औषध शरीराला साखर नीट वापरायला लावतं आणि दुसरं स्वादुपिंडाला कामाला जुंपतं म्हणे. आत गेल्यावर हळूहळू विरघळते, म्हणून पोटाला त्रास कमी. नाश्त्याबरोबर एक. जेवणाची वेळ चुकवायची नाही.

रोज काय खाल्लं, कसं वाटलं ते लिहून ठेवा असंही सांगितलंय. तिला दाखवायचं ते वेगळ्या कागदावर लिहीन. इथं मी माझं लिहितो.

हिला सांगितलं, गोळी बदलली. ही म्हणाली, “बरं. ही तरी घ्या.” ‘तरी’ कशाला म्हणाली कोण जाणे. गेल्या आठवड्यात शर्टाच्या खिशात राहिलेली एक गोळी धुण्यात गेली होती. खिशात नुसता पांढरा लगदा. तेव्हा मात्र ही चकार शब्द बोलली नाही. थोडक्यात वाचलो.

मंगळवार, ५ मार्च

नवी गोळी घेतली. खरोखर घेतली. सवयीनं बेसिनपाशी गेलो, नळ सोडला आणि या वेळी गोळी घशाखाली उतरवली. घोड्याची गोळी वाटावी एवढी मोठी आहे. ही स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणून दार लोटून घेतलं. कोणी टक लावून बघत असलं की माझ्या घशात काही उतरत नाही. लगेच नाश्ता केला. पोट शांत राहिलं.

मी हिला मुद्दाम सांगितलं नाही की आजपासून घेतोय. सांगायचं म्हणजे आजवर घेत नव्हतो हेही आलंच की.

गुरुवार, ७ मार्च

पाळणाघरातल्या एका पोराला ताप. त्याच्या आईनं गोळी देऊन ठेवली होती आणि हात जोडून सांगून गेली, “घेत नाही हो, थुंकतो.” हिनं दोन चमच्यांच्या मध्ये गोळी दाबून भुगा केला, मऊ फळात कालवला आणि “वाटीचा तळ कुणाला दिसतो बघू” म्हणत सगळं भरवलं. पोरानं वाटी चाटली. मी दारात उभा राहून पाहत होतो. एवढी वर्षं झाली, पण हिचं हे कसब बघताना अजून मजा येते.

सोमवार, ११ मार्च

आजपासून मला नाश्त्याला दह्याची वाटी. दही गुलाबी होतं. विचारलं तर म्हणे बीट किसून घातलंय, साखरेला चांगलं. मला बीट आवडत नाही हे हिला आमच्या लग्नापासून ठाऊक आहे. वर चव कडवट, आणि वास ओल्या फडक्यासारखा. मी वाटी सरकवली तर ही समोर बसूनच राहिली.

“तळ दिसला पाहिजे.”

“मी काय तुझ्या पाळणाघरातला आहे का?”

“ते बरे तुमच्यापेक्षा. संपवा.”

संपवली. खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. माझ्यासमोर एवढा वेळ बसायला हिला फुरसत कुठे असते?

गुरुवार, १४ मार्च

भूक फार लागते. अकराच्या सुमारास पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. औषध लागू पडतंय, दुसरं काय.

नवी शिकाऊ आली आहे. पडदे, अभ्रे शिवते. मोठ्या गाडीतून माल स्वतः पोचवायचाय म्हणून शिकतेय. मी मनात तिचं नाव शिवणवाली ठेवलंय. डावं-उजवं सांगितलं की गोंधळते, पण ब्रेकवरचा पाय इतका हलका की माझ्या बाजूच्या ब्रेकला मला हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही.

सोमवार, १८ मार्च

आज लाज वाटावी असं वागलो. शिवणवाली गाडी मागे घेत होती. जरा वाकडी गेली, एवढंच. मी तिच्यावर असा खेकसलो की रस्त्यावरचे दोघे थांबून बघायला लागले. माझे हात थरथरत होते, मानेवरून घाम वाहत होता. तिनं गाडी बाजूला लावली आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. चार खाल्ली. थोड्या वेळानं डोकं जागेवर आलं.

“सर, सकाळी खाऊन येत नाही का?” तिनं विचारलं.

खाऊन येतो की. दही, बीट, सगळं खाऊन येतो. उन्हानं झालं असेल. उद्यापासून बॅगेत बिस्किटं ठेवायची.

शुक्रवार, २२ मार्च

ही भावाला बघून आली. माझा हा मेव्हणा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. साखरेकडे दुर्लक्ष केलं आणि मागच्या वर्षी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. घरी आल्या आल्या हिनं मला खुर्चीत बसवलं, मोजे काढायला लावले आणि दोन्ही तळवे दिव्याखाली उलटेपालटे करून पाहिले. बोटांच्या बेचक्यासुद्धा. मला गुदगुल्या झाल्या, मी हसलो. ही हसली नाही.

“तुमचा चेहरा किती उतरलाय. साखर वाढलीच असणार.”

मग माझी बॅग उघडून बिस्किटांचा पुडा बाहेर काढला. “या वयात? चोरून?” पुडा पाळणाघराच्या डब्यात गेला. मी वाद घातला नाही. तिचं चुकतंय कुठे? साखरेच्या माणसाला बिस्किटं कशाला हवीत?

मंगळवार, २६ मार्च

पुन्हा तसंच झालं. या वेळी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, गाडीत नव्हतो हे नशीब. मालकांशी बोलत होतो आणि शब्द सापडेनात. मालक म्हणाले, “काय हो, सकाळी सकाळी घेऊन आलात की काय?” मीही हसून घालवलं. त्यांनी चहा मागवला, साखरेचा. बिनसाखरेचा सांगायचं सुचलं नाही. प्यायलो तशी तरतरी आली.

हे हृदयाचं तर नसेल? मला भीती वाटतेय. डॉक्टरीणबाईला सांगितलं तर ती सर्टिफिकेट अडवणार. हिला सांगितलं तर ही रडून घर डोक्यावर घेणार. एप्रिल संपेपर्यंत तोंड मिटून ढकलायचं, परवाना हातात पडला की मग सगळ्या तपासण्या करायच्या. गोळी मात्र एकदाही चुकवलेली नाही. उलट जास्तच नेटानं घेतोय.

बुधवार, ३ एप्रिल

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

काल सकाळी शिवणवालीला मोठ्या चौकात घेऊन गेलो. चौकापर्यंतचं आठवतं. पुढचं तिनं सांगितलेलं लिहितो. मी म्हणे “उजवीकडे घे, उजवीकडे घे” असं घोकत होतो आणि उजवीकडे भिंत होती. ती म्हणाली, “सर, तिकडे रस्ता नाही.” मी तरी तेच. मग मी तिच्या हातातलं स्टिअरिंग ओढायला लागलो. माझ्या बाजूला ब्रेक आहे, त्यासाठीच तर मी बसलेला असतो, पण माझा पाय नुसता लोंबकळत होता. तिनं माझा हात झटकला, गाडी डावीकडे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चारही दिवे लुकलुकते ठेवले. सगळं बरोबर क्रमानं. मग समोरच्या दुकानातून गोड सरबताची बाटली आणून मला घोट घोट पाजली.

दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा बोटातल्या रक्ताची साखर पन्नासच्या आत होती. सलाइन लावली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच निजवून ठेवलं. दर थोड्या वेळानं बोट टोचत होते. ही आली ती पाळणाघराच्या ॲप्रनमध्येच. पायात दोन वेगळ्या चपला.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसली. “काका, किती गोळ्या घेता?”

“एक.”

“चुकून दोन तर नाही? विसरून परत घेतली असं?”

“मी काय वेडा आहे? रोज एक. अगदी नेमानं.”

असं म्हणालो आणि हिचा चेहरा पाहिला. पांढराफटक. मला वाटलं, माझ्या साखरेचा आकडा ऐकून घाबरली. मग हिनं काय विचारावं? “डॉक्टर, ही गोळी कुटून दिली तर काय होतं?”

“मुळीच कुटायची नाही. हळूहळू विरघळायला बनवलीय ती. कुटली की आतलं औषध एकदम सुटतं. का? कोण कुटतं?”

“पाळणाघरातल्या एकाचे आजोबा,” ही म्हणाली.

नवरा सलाइनवर पडलाय आणि हिला कुणाच्या तरी आजोबांची पडलीय. कुठे काय विचारावं याचा पोचच नाही.

गोळी सध्या बंद. मूत्रपिंडाची तपासणी करायची. गाडीत बसायचं नाही, शिकवणाऱ्याच्या सीटवरही नाही. सर्टिफिकेटचं मी विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

दह्याची वाटी बंद झाली. विचारलं तर म्हणाली, दही लागलं नाही. कालही तेच. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती आणि खांदे हलत होते. जाऊन म्हणालो, “अगं, मी मरत नाही एवढ्यात.” तर हुंदकाच फुटला. बायकांच्या जिवाला फार लागतं.

मूत्रपिंड ठीक आहे. सोमवारपासून गोळी पुन्हा सुरू, पण कमी ताकदीची. कशामुळे झालं ते कळत नाही, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाली.

सोमवार, ८ एप्रिल

आज सगळं कळलं. जमेल तसं क्रमानं लिहितो.

सकाळी नव्या ताकदीच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार कागद बघून म्हणाला, “घरात दोघांच्याही कमी केल्या का?”

“दोघांच्या?”

“वहिनी पण आधीची तीच नेतात ना. गेल्या महिन्यात दोनदा नेल्या. फोनमध्ये कागदाचा फोटो होता.”

हिलाही साखर! आणि मला पत्ता नाही. एकटीनं डॉक्टर गाठला असेल, एकटीनं रिपोर्ट वाचला असेल. माझ्या काळजीपोटी स्वतःचं दुखणं गिळून बसली असेल. त्या रडण्याचा अर्थ आता लागला, असं मला वाटलं. रस्त्यानं येताना माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. आपण हिच्याकडे नीट पाहिलंय तरी कधी, असंच मनात येत राहिलं.

पोरं झोपली होती. ही दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. मी शेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “मला सगळं कळलंय. दुकानदारानं सांगितलं. एवढं मनात ठेवून एकटी कशी राहिलीस गं? मला सांगायचं नाही का?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावू कशाला?”

आणि बांध फुटला. “मला वाटलं तुम्ही ही पण बेसिनमध्येच टाकताय. रोज नळाचा आवाज यायचा. तो लगदा मीच धुतला ना खिशातला. म्हणून कुटून दह्यात घालत होते. गोळीचा गुलाबी रंग कळू नये म्हणून बीट. मला काय माहीत तुम्ही खरंच घेताय म्हणून! मी मारलं असतं हो तुम्हाला, माझ्या हातानं मारलं असतं.”

मी हात सोडला. मग जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. त्या शिवणवालीला दोन मुलं आहेत, ती भिंतीवर आदळली असती तर काय केलं असतंस, हे म्हणालो. मी तुझा नवरा आहे की दोन वर्षांचं पोर, हे म्हणालो. माझ्या अन्नात न सांगता औषध घालतेस, हे तर किती वेळा म्हणालो. एक पोर जागं होऊन रडायला लागलं, तेव्हा थांबलो.

तिनं त्या पोराला खांद्यावर घेतलं, थोपटता थोपटता हळू आवाजात म्हणाली, “भावाच्या पायाचं ड्रेसिंग मी केलंय. तुम्ही वास तरी घेतलाय का त्याचा? तुम्हाला विचारलं असतं, गोळी घेता का, तर खरं सांगितलं असतंत?”

मी उठून बाहेर गेलो. संध्याकाळपर्यंत फिरत होतो. उत्तर ‘नाही’ असंच आहे. दहा वेळा विचारलं असतं तर दहा वेळा ‘घेतो की’ म्हणालो असतो, वर डोळे वटारले असते. तरी राग जात नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

दोघांनी जाऊन डॉक्टरीणबाईला खरं सांगितलं. आधी मी, मग ही. बाईनं पेन खाली ठेवलं आणि आमच्याकडे अशी पाहत राहिली, की शाळेत ओणवं उभं राहिल्यासारखं वाटलं.

“दोघं एका घरात राहता ना? मग एकमेकांशी बोलत का नाही?”

बाई चांगलीच तापली होती. एक अख्खी, एक कुटलेली, म्हणजे दुप्पट औषध आणि अर्धं एका झटक्यात. तुम्ही दोघंही नशिबानं वाचलात आणि ती तिसरी बाई तर त्याहून. माझ्या परवान्याची तारीख हुकणार. दीड-दोन महिने साखर नीट सांभाळा, घरी मशीननं मोजा, मग पुन्हा या.

मालकांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, सर्टिफिकेट आणा, गाडी तुमचीच आहे. तोवर ऑफिसात बसून शिकाऊंना रस्त्यावरच्या खुणा शिकवा. काढून टाकलं नाही, हेच खूप.

रविवार, १४ एप्रिल

आज जेवताना एक गोष्ट घडली, ती मला सहन झाली नाही.

हे सगळं कळल्यापासून मी ताटातलं काही तोंडात घालायच्या आधी नाकाजवळ नेतोय. मुद्दाम करत नाही, हात आपोआप थांबतो. हिच्या लक्षात आलंय हे मला माहीत नव्हतं. आज हिनं ताट वाढलं, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा एकेक घास स्वतः खाल्ला. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाली, “जेवा.”

टोमणा नव्हता. रडतही नव्हती. एवढी वर्षं हिच्या हातचं डोळे झाकून खाल्लं आणि आता बिचारी माझ्यापुढे चाखून दाखवतेय. “असं करू नकोस,” म्हणालो. ती म्हणाली, “मग तुम्ही वास घेऊ नका.”

ठरलं.

मंगळवार, २३ एप्रिल

गोळी आता टेबलावर बसून घेतो. घेतली की तोंड उघडून हिला दाखवतो. आज तिसऱ्यांदा दाखवलं तर तिनं मान फिरवली.

“मला नका दाखवू. मी बघणार नाही.”

“अगं, खात्री नको का तुला?”

“आजवर खात्रीच करत आले. पुरे झालं. गोळी तुमची, पोट तुमचं.”

मला राग आला. माणूस सुधारतोय तर त्याला साक्षीदार नको? उरलेलं पाणी प्यालो आणि तोंड मिटलं.

शुक्रवार, १० मे

शिवणवाली परीक्षेत पास. पेढे-बिढे नाहीत, माझ्यासाठी मुद्दाम शेंगदाण्यांची पुडी आणली होती. मी तिची पुन्हा एकदा माफी मागितली. ती म्हणाली, “सर, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, शिकवणाऱ्याचं सगळं ऐकायचं. एकदाच ऐकलं नाही, ते किती बरं झालं.” मालक हसून लोटपोट. मीही हसलो, पण माझ्या मनातून ती भिंत जात नाही.

साखर चांगली आहे. मशीनवर सकाळचे आकडे शहाण्या मुलासारखे येतात. खुणा शिकवून मात्र वैताग आलाय. बोर्डावरच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो.

गुरुवार, ६ जून

आज ऑफिसात गर्दी होती, जेवायला फार उशीर झाला. बोर्डासमोर उभ्या उभ्या हाताला कंप सुटला. ओळखीचा घाम. मशीन काढून मोजलं, साठच्या जरा वर. खिशातल्या ग्लुकोजच्या चकत्या चघळल्या, बसलो, उतरलं. कोणी पाहिलं नाही.

सोमवारी सर्टिफिकेटसाठी जायचं आहे. नवा रिपोर्ट हातात आला, सातच्या आसपास आहे. दोन महिने झक मारून पथ्य केलंय ते यासाठीच. एका दिवसाच्या उशिरापायी त्यावर पाणी कोण फिरवेल? आकड्यांच्या कागदावर आजची जागा रिकामी ठेवली. विचारलं तर विसरलो म्हणेन. हिलाही सांगायचं नाही.

सोमवार, १० जून

ही बरोबर आली होती. डॉक्टरीणबाईनं रिपोर्ट पाहिला आणि खूश झाली. “वा, काका!” सर्टिफिकेटचा छापील कागद पुढे ओढला, माझं वय लिहिलं. मी मनात गाडी सुरूही केली होती.

“फक्त एकच विचारते,” बाई म्हणाली. “सरासरी चांगली आहे, पण मध्येच साखर खाली जात असेल तर सरासरीत ते दिसत नाही. गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला तेच महत्त्वाचं.” आणि माझ्याकडे न बघता हिच्याकडे वळली. तिचा माझ्यावर किती भरवसा ते कळलंच. “काकू, तुम्ही सांगा. गोळी रोज नीट घेतात? हात थरथरणं, घाम, असं काही झालं होतं का?”

मी निर्धास्त होतो. हिला गुरुवारचं माहीत नव्हतं. ही सांगणार, काही झालं नाही. बाई सही करणार.

ही म्हणाली, “मी बघत नाही, डॉक्टर. त्यांनाच विचारा.” आणि जरा थांबून म्हणाली, “ते खरं सांगतील.”

बाईनं माझ्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं होतं. मला घाम फुटला, आणि तो साखरेचा नव्हता. ‘काही नाही झालं’ एवढे तीन शब्द जिभेवर तयार होते. गुरुवारपासून मी त्यांच्याच भरवशावर होतो. पण ही शेजारी पर्स मांडीवर धरून बसली होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि मला ते शब्द काही केल्या बाहेर काढता येईनात.

“गुरुवारी झालं,” मी म्हणालो. “साठच्या जरा वर. जेवायला उशीर झाला होता. मी कागदावर लिहिलं नाही.”

बाईनं पेनाला टोपण लावलं. रागावली नाही. म्हणाली, या गोळीतलं दुसरं औषध साखर खाली ओढतं, तुमच्या कामाला ते जपूनच. दुसरी जोडगोळी देते, तिच्यात ही भीती बरीच कमी. महिनाभर घ्या, आकडे सगळे लिहा, सगळे म्हणजे सगळे. मग बघू. सर्टिफिकेटचा कागद तिनं खणात ठेवला, माझं वय लिहिलेला.

बाहेर आलो. मला रडू येत होतं की राग, सांगता येत नाही. फाटकापाशी मीच विचारलं, “तुला गुरुवारचं कळलं होतं का?”

“नाही.”

“मग मी खरं सांगेन म्हणून कशाच्या जोरावर म्हणालीस?”

ही रस्ता ओलांडायला दोन्ही बाजूंना बघत होती. म्हणाली, “कशाच्या जोरावर कुठलं. एकदा म्हणून बघितलं.”

घरी येताना नव्या गोळ्या घेतल्या. उद्यापासून पुन्हा महिनाभर खुणांचा बोर्ड.